वाण टॉवेलच्या कापडाचं

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोलापुरात हळदीकुंकवाची धामधूम असते. एका दुपारी चार घरं केली की पिशवीत प्लास्टिकचा डबा, चाळणी, साबणाची डबी आणि आणखी एक चाळणी जमते. त्यातलं काही पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला लुटलं जातं, बाकीचं माळ्यावर जातं. कुंभाराकडचं सुगड, त्यात हरभरा, बोरं, गाजर, उसाची कांडी, हेही वाणच. त्यातलं काही माळ्यावर पडून राहत नाही.

याला पर्याय शोधायला सोलापूरकरांनी लांब जायचं कारण नाही. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, गणवेश शिवण्याचा धंदाही मोठा. जिथे कापड तिथे कटपीस, चिंधी आणि सेकंडचा माल आलाच, आणि तो स्वस्तात मिळतो. कॉलेजातल्या पाच-सहा जणांनी मनावर घेतलं तर यातून शे-दीडशे वाणं सहज उभी राहतात.

आधी कापड ओळखायचं. प्रत्येक तुकड्यातून एक दोरा काढायचा, चिमट्यात धरून त्याला काडी लावायची. सुती दोरा भुरभुर जळतो, जळक्या कागदासारखा वास येतो, बोटात चुरली तर मऊ राख होते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी धरतं. टेरिकॉट जळतंही आणि मणीही सोडतं. गणवेशाच्या कापडात ते बरंच सापडतं. सुती कापड पुसण्याच्या कामाला, टेरिकॉट पिशव्यांना. हीच काडी दुकानात मिळणाऱ्या रंगीत न विणलेल्या ‘कापडी’ पिशवीला लावून पाहावी. ती नुसती वितळते, कारण ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यावर या पिशवीला कापड समजून डोक्यावर घेणारे कमी नव्हते.

आता टॉवेल. टेरीत उभ्या धाग्यांचे दोन ताणे असतात, एक घट्ट आणि एक सैल. आडव्या धाग्याचे साधारण तीन फेरे पडले की फणी ते एकदम पुढे ठोकते आणि सैल ताण्याचे फासे वर उभे राहतात. पाणी शोषतात ते हे फासे. कात्री लागली की कडेचे फासे सुटायला लागतात, म्हणून कापलेली प्रत्येक कड ओव्हरलॉक करावी लागते किंवा पट्टी लावून बंद करावी लागते. शिलाईचा खर्च इथेच असतो आणि तो कापण्याच्या युक्तीने कमी होतो.

३० बाय ६० इंची टॉवेलचे १५ इंचाचे आठ चौकोन निघतात. प्रत्येकाला एका बाजूची मूळ किनार आयती मिळते. टोकाच्या चारांना दुमडलेली कडही मिळते, त्यांच्या दोनच बाजू शिवायच्या. मधल्या चारांच्या तीन. बारा टॉवेलांत ९६ फडकी झाली.

हे फडकं कशासाठी? माझं मत विचाराल तर भाकरीच्या दुरडीसाठी. गरम ज्वारीची भाकरी वाफ सोडते. खाली टेरी असेल तर ती वाफ टिपली जाते, भाकरी चिकट होत नाही. मात्र यासाठी पांढराच माल घ्यावा. रंगीत तुकडा ओल्या पांढऱ्या चिंधीवर चोळून पाहावा. चिंधीला रंग लागला तर तो तुकडा ओटा पुसायला ठेवावा. सगळा माल सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन घ्यायचा, कारण कोऱ्या टेरीवरची खळ गेल्याशिवाय ती नीट पाणी पीत नाही.

पिशव्यांबद्दल थोडं सावध करतो. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता: हवामानापुरतं पाहिलं तरी नव्या सुती पिशवीने प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला ती निदान ५२ वेळा वापरावी लागते. म्हणून वाणासाठी नवं कापड आणून पिशव्या शिवणं फारसं शहाणपणाचं नाही. उरलेल्या कापडाची शिवा, बंद खांद्यावर अडकेल इतके लांब ठेवा, बंदाच्या मुळाशी चौकोनी शिलाई मारून आत फुली घाला. कांदे-बटाट्यांचं वजन तिथेच येतं. आणि कृपा करून भावी नगरसेवकांचा हसरा फोटो छापू नका. तो घेऊन मंडईत जायला बायका नाखूश असतात, मग पिशवीची घडीच मोडत नाही.

शिलाई शेजारच्या मशीनवाल्या ताईंकडून नगावर करून घ्यावी आणि दर आधी ठरवावा. मंडळाच्या कामाचं मोल ‘सेवा’ म्हणून बुडवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. गणवेशाची घाई शाळा उघडण्याआधी, उन्हाळ्यात असते. दिवाळीनंतर मशीनला थोडी उसंत मिळते. तेव्हाच कापड गोळा करून डिसेंबरअखेर माल हातात यायला हवा. बांधायला प्लास्टिक नको, किनारीची कापलेली पट्टी पुरते. जानेवारीवर काही ढकलू नये. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम आणि शोभेची दारू हे सगळं ऐन संक्रांतीच्या आसपास येतं, आणि गड्ड्याच्या दिवसांत सोलापुरात शिलाईला माणूस मिळेल ही आशा धरू नये.