उपग्रहाची अकराची वेळ

केरळातल्या माडांना मुळं कुजवणारा रोग लागला होता. बागा पायी हिंडून आजारी झाडं मोजायची तर वर्षं गेली असती. १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञ डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या गटानं हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर त्या बागा टिपल्या. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं, आजारी पान कमी. फिल्मवर दोघांचे रंग वेगळे उमटले. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात मानतात ती हीच. पुढे १९८८ मध्ये आयआरएस-१ए उपग्रह आला. तो दर २२ दिवसांनी सगळा देश टिपायचा, पण त्याच्या सरस कॅमेऱ्याचाही एक पिक्सेल सुमारे ३६ मीटरचा होता. किनारा मिळाला, माड हरवला.

सगळा किनारा हवा की बारकावा, हा सौदा अजून मिटलेला नाही. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवर फेरी मारतात, त्यांचा पिक्सेल १० मीटरचा आणि चित्रं फुकट. पण कोकणातल्या खाडीकाठी तिवरांची, म्हणजे खारफुटीची, पट्टी पुष्कळदा चार-पाच मीटरच रुंद असते. मग एकाच पिक्सेलमध्ये थोडं पान, थोडा चिखल, थोडं पाणी येतं आणि तिघांचा मिळून एकच रंग. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातली कांदळवनं ३२४ चौरस किलोमीटर आहेत; एक हेक्टरहून लहान तुकडे त्यात धरलेले नाहीत. तिवरांवर भराव टाकणारा मात्र सुरुवात करतो ती नेमकी कडेकडेनंच.

ड्रोनला ही कड लख्ख दिसते. तिवर कुठलं, चिप्पी ही दुसरी खारफुटी कुठली, हेही जाणकाराला त्या चित्रात ओळखता येतं. पण अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी संपते आणि किनारा सातशे किलोमीटरहून लांब.

म्हणून दोन्ही एकत्र. निवडक खाड्यांवर ड्रोन उडवायचा, त्याच्या चित्रावर उपग्रहाच्या पिक्सेलची जाळी अंथरायची आणि प्रत्येक चौकटीत झाडी किती टक्के ते मोजायचं. हे आकडे संगणकाला शिकवले की ड्रोन न पोहोचलेल्या खाड्यांतही तो रंगावरून झाडीचा वाटा अंदाजतो. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोन चित्रं पाच-सहा मीटरनं सरकलेली निघाली तर तिवराचा हिशेब पाण्याच्या नावावर पडतो, म्हणून आधी ती जुळवण्यातच बराच वेळ जातो. पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाची बरीच चित्रं वाया जातात. तिथे ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडार उपग्रहांची मदत होते, पण त्यांची भाषा निराळी. त्यात पानांचा रंग नसतो.

खरी गंमत भरती-ओहोटीची आहे. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, पुनवेला-अवसेला अकरा-बाराच्या आसपास. सेंटिनेल-२ आपल्यावरून जातो तो कायम सकाळी अकराच्या सुमारास, कारण त्याची कक्षाच सूर्याच्या वेळेला बांधलेली आहे. म्हणजे पुनव-अवसेच्या उधाणाच्या दिवशी तो येतो तेव्हा खाडी जवळजवळ भरलेली असते. अकरा वाजता ओहोटी सापडते ती षष्ठी-सप्तमीला, पण ते भांगाचे दिवस. पाणी तेव्हा फारसं मागे हटत नाही. उधाणाची सगळ्यात खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे असते आणि ती या उपग्रहाच्या वाट्याला कधी येतच नाही. किती वर्षं चित्रं जमवली तरी नाही. चिखलात नुकती उगवलेली तिवराची रोपं आणि कडेचा उघडा पडलेला भराव सगळ्यात नीट दिसतात ते त्याच वेळी.

तेव्हा ड्रोनवाल्यांनी पंचांग पाहून निघावं, उधाणाच्या दिवसांत, सूर्य उगवून थोडा वर आल्यावर किंवा मावळण्याआधी. सावल्या लांब पडतील, संगणक कुरकुरेल. पण पाणी उतरलेलं असेल.