दोघांना जागा किती पुरते?

जपान सरकारने यासाठी सरळ सूत्रच दिलं आहे: माणशी 10 चौरस मीटर, अधिक 10. म्हणजे दोघांना किमान 30 चौरस मीटर, साधारण 323 चौरस फूट. शहरी फ्लॅटमध्ये ऐसपैस राहायचं तर 55 चौरस मीटर. इंग्लंडच्या 2015च्या मानकात दोघांच्या घराला 50 चौरस मीटर. मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या खोल्या मात्र 160 चौरस फुटांच्या, आणि त्यांत अख्खी कुटुंबं वाढली. पुनर्विकासात तिथे 500 चौरस फूट मिळतात.

मला मात्र क्षेत्रफळापेक्षा दार महत्त्वाचं वाटतं. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याचं घरून काम. अशा वेळी दार लावून घेता येईल अशी वेगळी खोली हवीच. पण बंद खोलीत दोघं झोपली की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड रात्रभर साठतो. म्हणून खिडकी उघडी ठेवता येते का, तेही बघा.

व्यवहारात चटई क्षेत्रच विचारा. 2016च्या रेरा कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाहीत. घर बघायला जाताना मोजपट्टी न्या. डबल बेड टाकल्यावर दोन्ही बाजूंना चालायला वाट उरते का आणि कपाटाचं दार पूर्ण उघडतं का, हे तिथेच मोजा.