वाक्यांचे सांधे

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी मोठ्या शब्दांना सहसा भीत नाही. ते कोशात सापडतात. तो अडखळतो तो ‘दॅट’, ‘दो’, ‘अनलेस’ अशा चिमुकल्या शब्दांपाशी. दोन वाक्ये सांधणाऱ्या या शब्दांना आपण उभयान्वयी अव्यये म्हणतो.

१९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या बीदर जिल्ह्यात मराठी, कानडी आणि दखनी शेजारी नांदत आल्या आहेत. ‘तो उद्या येणार म्हणून सांगितले’ या मराठी वाक्यातील ‘म्हणून’च्या जागी कानडीत ‘अंत’ येतो, दखनीत ‘बोलके’. तिन्हींत कथन आधी, सांधा मागाहून. इंग्रजीत क्रम नेमका उलटा. ‘दॅट’ आधी, कथन नंतर. मराठीत ‘त्याने सांगितले, की तो उद्या येणार’ अशीही रचना आहेच. तेव्हा ‘दॅट’ शिकविताना या ‘की’चे बोट धरावे.

दुसरी अडचण जोडीची. ‘जरी पाऊस पडला, तरी तो आला’ येथे मराठीला दोन सांधे लागतात. त्याच सवयीने विद्यार्थी ‘दो’ लिहून पुढे ‘बट’ही घालतो; इंग्रजीला मात्र एकच पुरतो.

‘अनलेस’च्या पोटात तर नकार दडलेला असतो. नोटिशीतील या शब्दाचा अर्थ कोणी नुसता ‘जर’ असा लावला, तर ‘रक्कम न भरल्यास जप्ती’ याचे ‘रक्कम भरल्यास जप्ती’ होईल! शब्द लहान, पण घरादाराचा प्रश्न त्यावर अवलंबून. म्हणून श्रोतेहो, शब्दांच्या याद्या पाठ करण्याआधी मुलांना हे सांधे पारखावयास शिकवा.