कॅमेऱ्यामागील दृष्टी

यंत्राने घेतलेल्या चित्रास कला म्हणावे काय? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर मोठा वाद माजला होता. चित्रकार आपल्या हाताने रंग भरतो; छायाचित्र तर प्रकाश व रसायने यांच्या योगाने आपोआप उमटते; मग त्यात माणसाचे कर्तृत्व ते कोणते, असे पुष्कळांचे म्हणणे असे. या आक्षेपास ज्यांनी आपल्या कृतीने उत्तर दिले, त्यांपैकी दोघांची ही ओळख.

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. पुढे त्या इंग्लंडमधील वाइट बेटावर राहू लागल्या. १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने व जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला. बाईंनी कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याची चित्रशाळा केली. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे. बाईंच्या कॅमेऱ्यासमोर तर माणसास कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. त्यांची चित्रे किंचित अस्पष्ट असत. म्हणून टीकाकारांनी त्यांना नावे ठेवली. परंतु त्या डगमगल्या नाहीत. त्यांना चेहऱ्यामागील मन हवे होते. ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांचे १८६७ सालचे चित्र पाहावे. काळोखातून उजळलेली ती वृद्ध मुद्रा व ते विस्कटलेले शुभ्र केस पाहताच एका तपस्व्याचे दर्शन घडते.

आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांचा जन्म १८६४ सालचा, अमेरिकेतील. त्यांची चित्रशाळा म्हणजे रस्ता, बंदर आणि आकाश! १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये भर हिमवादळात, मनासारखे दृश्य जुळून येईपर्यंत ते तीन तास उभे राहिले. १९०७ साली आगबोटीने युरोपास जाताना त्यांनी खालच्या वर्गातील गरीब उतारूंचे जे चित्र घेतले, ते आज जगप्रसिद्ध आहे. छायाचित्रास कलेचा मान मिळावा म्हणून त्यांनी १९०३ ते १९१७ पर्यंत एक नियतकालिक चालविले. त्याच नियतकालिकात १९१३ साली त्यांनी कॅमेरॉनबाईंची चित्रे आदराने छापली.

एकीने माणसाचे अंतरंग दाखविले, दुसऱ्याने रोजच्या जगातील सौंदर्य. एकीने टीका सोसली, दुसऱ्याने कलेसाठी झुंज दिली. यंत्र दोघांपाशी होते, तसे ते इतर हजारोंपाशीही होते. मात्र काय पाहावे, केव्हा पाहावे आणि किती वाट पाहावी, हे यंत्र सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते. आणि तेथेच कलेचा आरंभ होतो.