भुईमुगाचे पहिले पंधरा दिवस

दिवाळीच्या चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाणारा एक तरी इसम प्रत्येक घरात असतोच. उपासाच्या खिचडीपासून चटणीपर्यंत आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाण्यावाचून पान हालत नाही. मात्र हाच दाणा मातीखाली किती संकटांतून पार पडतो, याची आपणां पांढरपेशांना क्वचितच कल्पना असते.

पूर्णा हे गाव पुष्कळांना ठाऊक आहे ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. पण फलाट सोडून शिवारात शिरले की लागते ती गोदाकाठची काळी जमीन. येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्याचे पाणी या खोऱ्यात खेळते, म्हणून उन्हाळी भुईमूगही घेता येतो. अडचण एवढीच, की भुईमुगाला आवडते भुसभुशीत माती, आणि काळीचा स्वभाव हट्टी! भिजली की चिकटते, वाळली की पापडी धरते. त्यातून सेंद्रिय शेती करायची, म्हणजे बियाण्याला थायरमसारखे औषध चोळण्याची सोय नाही.

आता थोडा हिशेब पाहा. उपट्या भुईमुगाच्या दोन ओळींत ३० आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर हेक्टरी सुमारे ३ लाख ३३ हजार रोपे बसतात. त्यासाठी १०० ते १२५ किलो दाणा मातीत घालावा लागतो. चारांतला एक दाणा मेला, तर पाव रान रिकामे! उपट्या जातीची रोपे पसरून ती जागा भरून काढीत नाहीत. भरते ते तण. आणि तणनाशक वर्ज्य असल्यामुळे खुरपणीची मजुरी वाढते ती निराळीच. शेतकऱ्याचे नुकसान असे दुहेरी असते.

म्हणून तयारी बियाण्यापासूनच हवी. उपट्या भुईमुगाच्या दाण्याला झोप ठाऊक नसते. काढणी लांबून ओल राहिली, तर तो शेंगेतच मोड काढतो. मे महिन्यात काढलेले बियाणे उन्हाळ्याच्या उष्म्यात आणि पावसाळ्याच्या दमटपणात दुबळे होते. जानेवारीच्या पेरणीला खरिपाचेच बियाणे बरे. ते शेंगेतच जपावे आणि पेरणीच्या सुमारास हातांनी फोडावे. यंत्रात दाण्याचे पातळ टरफल सोलवटते. मग बुरशीला दार उघडेच! गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात १०० दाणे गुंडाळून आठ-दहा दिवस ओलसर ठेवावेत. सत्तरांहून कमी उगवले, तर ते बियाणे घाण्याला धाडलेले उत्तम.

खरा वैरी म्हणजे मूळकूज आणि खोडकूज. कांद्यावर जी काळी बुरशी दिसते, तीच ॲस्परजिलस नायजर कोवळ्या रोपाची मान जमिनीलगत कुजवते. सकाळी टवटवीत दिसणारे रोप दुपारी मान टाकते. सेंद्रिय शेतकऱ्याचा यावर तोडगा काट्याने काटा काढण्याचा आहे. ट्रायकोडर्मा ही बुरशीच. पण ती वैरी बुरशीचा फडशा पाडते. किलोभर दाण्याला ती ५ ग्रॅम चोळावी, नंतर रायझोबियम २५ ग्रॅम. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. परभणीला १९७२ साली स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठात अशी जिवाणू खते तयार होतात. कोणी बीजामृत वापरतात. पण दाणा त्यात फार वेळ भिजू देऊ नये. टरफल सुटते.

पुढे प्रश्न वेळेचा. जमीन थंड असली की मोड रेंगाळतो, आणि रेंगाळला की कुजतो. म्हणून थंडी ओसरू लागल्यावर, जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरणी उरकावी. तीही वाफशावर. 'वाफसा' हा आपल्या भाषेतला केवढा नेमका शब्द! माती ओली आहे, पण चिखल नाही. मोकळी आहे, पण कोरडी नाही. दाणा पाचएक सेंटिमीटरच खोल पडावा. अधिक खोल गेला, तर वर येता येताच त्याचा दम संपतो. रुंद वरंब्यावर पेरले तर पाणी साचत नाही. वर पापडी आली, तर आंबवणीचे हलके पाणी ती मऊ करते.

एवढे करूनही कावळे, खारी आणि रानडुकरे आपला वाटा मागायला येतातच. तेव्हा राखण हवी. आठवड्याच्या आत नांग्या भरून घ्याव्यात; उशिरा लावलेले रोप थोरल्या भावंडांच्या सावलीत खुरटते.

वाचकहो, सेंद्रिय शेतीवर सभा पुष्कळ होतात, हारतुरेही होतात. पण पहिल्याच पेऱ्याला रान विरळ झाले, तर दुसऱ्या वर्षी तो शेतकरी मुकाट्याने औषधाची पुडी आणतो. त्याला दोष कसा द्यावा? त्याच्या बियाण्याचे पैसे मातीत गेलेले असतात. सेंद्रिय शेतीचा निकाल व्यासपीठावर लागत नाही. तो लागतो पूर्णेच्या काळ्या रानात, त्या पहिल्या पंधरा दिवसांत.