थंडी आली, साप खाईना

दिवाळी उरकली की बदलापूर-अंबरनाथकडे पहाटे शाल लागते. मुंबईत पंखा फिरत असतो, तेव्हा इकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एखाद्या पहाटे १२-१३ अंशांवर उतरतो. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत बॉल पायथन पाळणाऱ्यांची काळजी याच दिवसांत सुरू होते: महिना झाला, उंदराला तोंड लावत नाही.

आधी कायद्याचं. नाग, धामण, दिवड, अजगर हे आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बारवीच्या रानालगतच्या सोसायटीत निघालेला साप ‘दोन दिवस बघू’ म्हणून डब्यात कोंडला, तर तोही खात नाही, पण तो भेदरून. अशा वेळी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला. त्याची परिवेश पोर्टलवरची नोंद २०२४च्या नियमांनी सक्तीची आहे. ती नसेल तर उपासापेक्षा ती काळजी मोठी.

आता मूळ प्रश्न. साप शीतरक्ताचा, म्हणजे अंगातली ऊब तो स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतो. पचनही त्या उबेवरच चालतं. अंग गार असताना गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप दोन-चार दिवसांनी तो ओकतो. तेव्हा थंडीत तोंड फिरवणं हा हट्ट नाही, शहाणपण आहे.

म्हणून पहिलं काम उंदीर बदलणं नव्हे, तापमान मोजणं. बहुतेकांची चूक इथेच होते. दुपारी पेटीच्या काचेवरचा काटा बघतात, ‘२९ आहे की’ म्हणतात आणि निश्चिंत होतात. किमान-कमाल नोंदवणारा डिजिटल थर्मामीटर घ्यावा आणि त्याची वायर साप बसतो तिथे, तळाशी ठेवावी. पहाटे पाचचा आकडा बघितला की बऱ्याचदा उत्तर मिळतं. गरम कोपरा ३१-३२ अंश आणि गार बाजू २५-२६ च्या आसपास हवी.

कमी भरलं तर पेटी आधी लादीवरून उचलून टेबलावर घ्यावी, बाल्कनीच्या दारापासून दूर. मग हीट मॅट, म्हणजे पेटीखाली बाहेरून लावायची पातळ गरम चटई. ती तळाच्या साधारण एक तृतीयांश भागालाच लावावी, म्हणजे सापाला गारव्याकडे सरकता येतं. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या अंशाला वीज तोडणारं यंत्र, नसेल तर मॅट लावूच नये. साप चटका बसला म्हणून झटकन उठत नाही. पोट भाजेपर्यंत पडून राहतो. रात्री वीज गेली तर गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवता येते.

ऊब नीट झाली की आठवडाभर त्याला अजिबात हात लावू नये. डोळे दुधाळ निळसर दिसत असतील तर कात टाकायची वेळ आली आहे. तोवर तो खाणार नाही. हवा कोरडी असली तर कात तुकड्यांत निघते. पाण्याचं भांडं मोठं ठेवावं.

त्यानंतर उंदीर द्यावा, संध्याकाळी आणि कोमट करून. बॉल पायथन ओठांवरच्या खाचांनी भक्ष्याची ऊब ओळखतो. फ्रीजमधला गार उंदीर त्याच्या लेखी मातीचा गोळा. गोठवलेला उंदीर पिशवीत घालून कोमट पाण्यात पूर्ण वितळवावा. नाही खाल्ला तर काढून घ्यावा आणि पुन्हा १०-१५ दिवसांनी बघावं. रोज दाखवून साप फक्त वैतागतो. जिवंत उंदीर सोडून झोपणं तर सर्वांत वाईट: उपाशी उंदीर सापालाच कुरतडतो. तोंड उघडून कोंबणं घरच्यांचं काम नव्हे.

सगळं ठीक असूनही खात नसेल, तर तो वयात आलेला नर आहे का बघावं. विणीच्या मोसमात, म्हणजे साधारण हिवाळ्यात, नर महिनोन्‌महिने खात नाहीत. याला औषध नाही, फक्त वजनकाटा आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, वर झाकणाचा डबा, डब्याचं वजन वजा; दर आठवड्याला आकडा वहीत लिहावा. १२०० ग्रॅमचा नर ११५० वर आला तर बिघडलं नाही. १०८० च्या खाली गेला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला ती असतेच असं नाही, फोनवर आधी विचारावं.

वजन टिकून असलं तरी तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, घरघर दिसली तर थांबू नये. गारठ्यात फुप्फुसांचा संसर्ग होतो. पिल्लांबाबतही वाट बघत बसू नये, त्यांच्या अंगात साठा कमी असतो.

होळीच्या सुमारास रात्री उबदार झाल्या की बहुतेक नर आपणहून खायला लागतात. पहिला उंदीर नेहमीपेक्षा लहान द्यावा.