दहा वेळा नऊ

मावशींनी आदल्या रात्रीच फोन करून सांगितलं होतं, ‘ताई, उद्या नाही जमायचं. अंगात ताप आहे.’ सकाळी 8 वाजून 10 मिनिटांनी माझा फोन किणकिणला. सोसायटीच्या गेटवरचं अ‍ॅप कळवत होतं की तुमच्या मावशी आत आल्या आहेत. मी वाट पाहिली. दाराची बेल काही वाजली नाही. 9 वाजून 25 मिनिटांनी पुन्हा किणकिण, मावशी बाहेर पडल्या. म्हणजे आल्या होत्या, माझ्याकडे तेवढ्या आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या कामाला आल्यावर मी ‘बरं वाटतंय ना आता?’ एवढंच विचारलं. त्या विचारण्यात खोट होती. ती मला ठाऊक होती, त्यांना नव्हती.

संचार साथी अ‍ॅपचा गोंधळ चालू होता तेव्हा मला सारखी ही सकाळ आठवत होती. 28 नोव्हेंबर 2025 चा दूरसंचार विभागाचा आदेश, 90 दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये सरकारी अ‍ॅप, ‘नको असेल तर काढून टाका’ हा मंत्र्यांचा खुलासा आणि 3 डिसेंबरची माघार, हे सगळं वाचून झालं आहे. ते अ‍ॅप काय करतं, चोरीचा फोन कसा बंद करतं, यात मी शिरत नाही. मला नवल वाटलं ते माघारीच्या वेगाचं. बातमी फुटली आणि तिसऱ्या दिवशी आदेश मागे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी पाण्याच्या टँकरपलीकडे न बोलणारी मंडळीही ‘आमच्या फोनमध्ये सरकार कशाला?’ म्हणून तावातावाने लिहीत होती. त्यांचं बरोबरच होतं. पण त्याच फोनमध्ये, दोन बोटांवर, मावशी किती वाजता आल्या आणि गेल्या याचा अकरा महिन्यांचा हिशेब पडून होता, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मीही नाही.

फोनमध्ये सरकारचं अ‍ॅप असणं ही राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना तर बातमीसुद्धा वाटली नसेल. 2021 पासून त्यांच्या हातात पोषण ट्रॅकर आहे. बाळाचं वजन, उंची, गरोदर बाईची माहिती, अंगणवाडी उघडल्याची नोंद, सगळं त्यात भरायचं. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच नेऊन परत केले. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेवर पडायचा आणि अ‍ॅप इंग्रजीत. पुण्या-मुंबईतल्या चर्चासत्रांत डिजिटल हक्कांवर जेवढं बोललं गेलं असेल, त्या सगळ्यापेक्षा ते फोनचे गठ्ठे मला जास्त बोलके वाटतात. पण तेव्हा तीन दिवसांत कुणी माघार घेतली नाही. उलट 1 जुलै 2025 पासून घरपोच आहार घ्यायला येणाऱ्या आईचा चेहराही फोनसमोर धरून जुळवावा लागतो. चेहरा जुळला तर पाकीट.

रोजगार हमीच्या कामावर मुकादमाचं मस्टर होतं, तिथे आता दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढतात. 1 जानेवारी 2023 पासून ते सक्तीचं झालं. यातला विनोद असा की जुलै 2025 मध्ये केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना कळवलं, भलतेच फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढला जात आहे. म्हणजे खोटं मस्टर लिहिणारा आता खोटा फोटो काढतो आणि खरी मजूर बाई दुपारी रेंज येईपर्यंत उन्हात उभी राहते. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती. झाडू मारणारा आपल्या बीटवर आहे की नाही हे नियंत्रण कक्षाला दिसावं म्हणून. कुठल्या महापालिकेतल्या शहर अभियंत्याच्या मनगटावर असं घड्याळ बांधल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि 2025 मध्ये घराघरांत चाललेलं लाडक्या बहिणींचं ई-केवायसी. 31 डिसेंबरची मुदत होती. बाईच्या आधारवर ओटीपी यायचा, तो टाकायचा, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, त्यांचं काय करायचं याची सोय सरकारला मागाहून करावी लागली. दीड हजार रुपयांसाठी नवऱ्याच्या फोनवर आलेले आकडे त्याच्याकडून मागून घ्यायचे, यातली नामुष्की कुठल्याही रकान्यात बसत नाही.

या राज्याला तसा याचा जुना मान आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी महिलेला दिलं गेलं. सुरुवात टेंभलीत का केली, मलबार हिलवर का नाही, याचं उत्तर त्या वेळी सरळ होतं, ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही त्यांना आधी ओळख द्यायची. हेतूबद्दल मी शंका घेत नाही. पण तेव्हापासून वाट तीच पडली आहे. नवं यंत्र आलं की आधी टेंभली, मग आपण.

आपल्याकडे ‘खासगी’ हा शब्दच मुळात थोरामोठ्यांचा. होळकरांच्या राज्यात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीचं उत्पन्न स्वतंत्र लावून दिलं गेलं, पुढे ते अहिल्याबाईंकडे आलं. त्याचा हिशेब दौलतीच्या हिशेबात मिसळायचा नाही. खासगी म्हणजे ज्यात दुसऱ्याने डोकवायचं नाही असं काही, आणि ते ज्याला बहाल झालं त्याचं. बाकीच्यांचा सगळा संसार उघड्यावर. शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे, पण त्याचा मूळ स्वभाव पुरता गेलाय असं वाटत नाही.

मला सर्वांत जास्त आठवतो तो खरक सिंग. खासगीपणाच्या चर्चेत सगळे 24 ऑगस्ट 2017 पासून सुरुवात करतात, नऊ न्यायमूर्ती, निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांचा खटला, खासगीपणा हा मूलभूत हक्क. त्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपले वडील यशवंतराव चंद्रचूड यांचा आणीबाणीतला निकाल चुकीचा होता असं लिहिलं, तेही मराठी घरांत कौतुकाने सांगितलं जातं. पण त्याच निकालाने मोडीत काढलेला दुसरा एक जुना निकाल 1962 चा होता आणि त्यातला माणूस कुणी निवृत्त न्यायाधीश नव्हता. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंगला दरोड्याच्या संशयावरून पकडलं, पुरावा नाही म्हणून सोडलं आणि पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली. मग रात्री-बेरात्री शिपाई आणि गावचा चौकीदार दारात यायचे, कडी वाजवायचे, हाका मारायचे, झोपेतून उठवायचे. आणि दुसऱ्या गावाला जायचं असेल तर खरक सिंगने चौकीदाराला सांगायचं की कुठे चाललो आणि कधी येणार. मग चौकीदाराने पुढच्या गावच्या पोलिसांना कळवायचं.

सर्वोच्च न्यायालयाने रात्रीची दारावरची धडक तेवढी बेकायदा ठरवली. बाकीची पाळत, चौकीदाराची नोंद धरून, चालू राहू दिली, कारण खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेत नाही असं बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. सतत डोळ्यांखाली असलेला माणूस मोकळ्या रस्त्यावरून चालला तरी मोकळा नसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. ते मत खरं ठरायला 55 वर्षं लागली.

आता आमच्या गेटवर उभं राहून पाहा. चौकीदार तोच आहे, कंत्राटी आहे, गणवेश निळा आहे. मावशी येतात, आपला सहा आकडी कोड सांगतात, तो टाकतो. जाताना कधी पिशवी उघडून दाखवतात. एखाद्या घरातून काही दिलं, जुनी साडी, उरलेली पोळीभाजी, तर त्या घराने अ‍ॅपवर तसं कळवायचं. मावशींच्या नावापुढे चांदण्या आहेत, वक्तशीर, नीटनेटक्या वगैरे. या चांदण्या मी दिल्या नाहीत, पण मी त्या पाहिल्या होत्या, कामावर ठेवण्याआधी. हिस्ट्रीशीट उघडायला निदान दरोड्याचा संशय तरी लागत होता.

कुणी म्हणेल, चाळीत काय वेगळं होतं? कोण कधी आलं, कुणाकडे काय शिजलं, सगळं सगळ्यांना ठाऊक. खरं आहे. पण समोरच्या काकूंना तुमचं जेवढं माहीत, तेवढंच तुम्हाला काकूंचं माहीत असायचं आणि त्या हिशेबावर मामला मिटायचा. मी किती वाजता येते-जाते हे मावशींना कुठल्या अ‍ॅपवर दिसतं?

यावर नव्या कायद्याचा उतारा आहे, असं सांगितलं जातं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दोन वर्षं कपाटात होता, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि बहुतेक तरतुदी लागू व्हायला त्यापुढे आणखी दीड वर्ष ठेवलं गेलं. दंड 250 कोटींपर्यंत, हा आकडा सगळ्या मथळ्यांत होता. तो दंड सरकारी तिजोरीत जाणार, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून छदाम मिळणार नाही, हे मथळ्यांत नव्हतं. माहिती गोळा करणाऱ्याला हा कायदा ‘डेटा फिड्युशियरी’ म्हणतो. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या अहवालात हा शब्द रुजवला, अर्थ सरळ, विश्वस्त. कल्पना थोर आहे. देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला मी आणखी काय सांगू?

पण मला या कायद्याचं कलम 7 अधिक बोलतं वाटतं. संमतीशिवाय माहिती कधी वापरता येईल, हे त्यात आहे. रोगाची साथ, आपत्ती, कोर्टाचा हुकूम हे समजण्यासारखं. त्याच यादीत आणखी दोघं बसली आहेत, सरकारी लाभ घेणारा आणि नोकरी करणारा. अनुदान, दाखला, सेवा द्यायची असेल तर सरकार हाताशी असलेली माहिती नव्याने न विचारता वापरू शकतं. आणि नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान टळावं म्हणून, मालकही वापरू शकतो. म्हणजे लाडकी बहीण, अंगणवाडीची सेविका, नागपूरचा सफाई कामगार आणि आमच्या मावशी, ज्यांची नावं मी वर घेतली, त्यातल्या बहुतेकांना हा कायदा ‘तुम्हाला चालेल का?’ असं विचारणं बंधनकारक मानत नाही. शिवाय कलम 17 खाली केंद्र सरकार सुरक्षेच्या नावाखाली स्वतःच्या कुठल्याही यंत्रणेला कायद्यातून वगळू शकतं. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराला कात्री लावली आहे. कुणाचीही वैयक्तिक माहिती नाकारण्यापूर्वी त्यात जनहित आहे का हे पाहण्याची जी अट त्या कलमातच होती, ती गेली. जनहिताचं एक सर्वसाधारण कलम उरलं आहे, ते माहिती अधिकाऱ्याने मनावर घेतलं तर. मुंबईच्या आझाद मैदानावर ज्यासाठी उपोषण झालं त्या कायद्याला खासगीपणाच्या नावाने बूच बसावं, हे जमवून आणणाऱ्याच्या हुशारीला दाद द्यावी लागेल. मजुराचा फोटो दिवसातून दोनदा दिल्लीला जातो आणि त्याच कामाची बिलं मंजूर करणाऱ्याचं नाव मागितलं तर उद्या ते ‘वैयक्तिक’ ठरू शकतं.

माझ्यासारखीला मात्र पळवाटा आहेत. परवा औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध घेतलं. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, ‘नंबर?’ मी म्हटलं, नाही देणार. ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दुकानांना सांगितलंय, बिलासाठी नंबराची सक्ती करू नका. हे सगळं मी त्याला ऐकवलं. मागे रांग. तो कंटाळून म्हणाला, ‘मॅडम, नंबर टाकल्याशिवाय बिल पुढंच सरकत नाही.’ आणि त्याने कीबोर्डवर नवाची कळ दाबून धरली. दहा वेळा नऊ. बिल सरकलं. त्या दुकानाच्या संगणकात दहा नव्वांची एक बाई दिवसाला किती औषधं घेते, हे बघून कुठला तरी विश्लेषक हादरणार आहे. मी मात्र दिवसभर खुशीत होते.

गेटवर दहा वेळा नऊ दाबायची सोय नाही. मावशींना मी एकदा विचारलं, तुम्हाला हे कोड-बीड चालतं का? त्या भांडी विसळत होत्या. म्हणाल्या, ‘न चालून सांगू कुणाला?’ आणि मग स्वतःच म्हणाल्या, उलट बरंय, कुणी म्हणालं आल्याच नाहीत, तर मला पण दाखवता येतं. हे मी धरलं नव्हतं. एका घराने त्यांचे चार दिवस कापले होते, ते त्यांनी वॉचमनकडून फोन दाखवून परत मिळवले होते.

तापाचा विषय चार आठवड्यांनी निघाला, तोही त्यांच्याकडूनच. बी विंगमधल्या आजी अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना रोज आंघोळ घालायची असते. त्यांचा मुलगा परगावी, सून सकाळी सातला निघते. ‘त्या दिवशी ताप घेऊनच आले हो. आजींना तसंच कसं ठेवायचं? त्यांना पुसून काढलं, कपडे बदलले आणि घरी जाऊन पडले. तुमच्याकडं यायला जीवच नव्हता अंगात.’

मी ‘हो का’ म्हटलं. अ‍ॅपमध्ये त्या तारखेसमोर माझ्या घरचा चौकोन अजून लाल आहे.